झोपेचा हुकूम

मी लटकल्या लटकल्या झोपले आणि खाली पडले.

हे सांगितलं की कुणी हसतं, कुणाला थाप वाटते. पण पहाटेच्या अंधारात गोधडीतून ओढून ज्याला कधी लोखंडी पाइपाला लटकवलेलं नाही, त्याला झोप काय चीज आहे ते कळायचं नाही. आमच्या परसात लिंबाची दोन झाडं होती. त्यांच्या मधे आबांनी पाइप बांधून घेतला होता. खाली आबा उभे. कानाला मफलर, गळ्यात शिट्टी, हात मागं बांधलेले.

"हात ताठ! पाय जोडून! लोंबकळू नगंस, माले, लटक!"

लोंबकळणं आणि लटकणं यात फरक काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी मी 'लटकते की' एवढं म्हटल्याचं आठवतं. पुढचं आठवतं ते थेट तोंडात गेलेली माती आणि आईची हाक.

हनुवटी फुटली होती. आई चुलीपुढून तशीच धावत आली आणि पदरानं रक्त टिपायला लागली. आबांनी वाकून, जखमी जवानाकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"काय झालं न्हाई. हळद दाबा. पर पडली कशी? पकड तर चांगली हुती."

"झोपले होते आबा," मी खरं ते सांगितलं.

"लटकून?"

"व्हय."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा जवान आबांनी बघितला नसावा.

सासऱ्यापुढं कधी आवाज न चढवलेली माझी आई तेव्हा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, पोरीला आज साताऱ्याला दवाखान्यात न्यायची. हनुवटीला टाका पडंल न पडंल, पर डॉक्टरला समदं इचारायचं. ही जेवताना झोपती, प्रार्थनेला झोपती, आता टांगल्यावर बी झोपाय लागली."

आमचे आबा म्हणजे सुभेदार हिंदुराव फडतरे. कोरेगावच्या पलीकडं आमचं गाव. तिथं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं गावात सुभेदार काही कमी नव्हते, पण नुसतं 'सुभेदार' म्हटलं की आबाच. ताडमाड उंच. गावातल्या झाडून सगळ्या दारांना आबांचं कपाळ माहीत होतं. पेन्शनीत येऊन वर्षं झाली तरी ते पहाटे शिट्टी वाजवून सगळं घर उठवायचे. उठून करायचं काय, हा प्रश्न विचारायची पद्धत आमच्याकडं नव्हती.

त्यांचा एकुलता एक मुलगा जयसिंग. म्हणजे माझे दादा. नाव सिंहाचं, पण माणूस एवढा चणीचा की लग्नात बोहल्यावर त्यांच्यासाठी दोन पाट एकावर एक ठेवले होते म्हणे. दादा शिंपीकाम करायचे. घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचं मशीन होतं. तरणे असताना ते भरतीला गेले होते. धावण्यात पहिले आले, छाती भरली, आणि उंचीला बोटभर कमी पडले. आबा गणवेश घालून मैदानाच्या बाहेर उभे होते. लेक पास होऊन येणार म्हणून त्यांनी पेढे आधीच घेतले होते. त्या दिवशी साताऱ्याहून गावापर्यंत दोघं एका बाकावर बसून आले आणि एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर मात्र आबा बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ऐकायला मिळायचं, "हे आमचं चिरंजीव. बोटभर कमी पडलं." आणि सगळ्यांच्या आधी हसायचे ते दादा. "आबांनी समदं कापड स्वतःला वापरलं, मग माझ्या वाट्याला कटपीस आला," असं म्हणायचे. गावातली जी पोरं भरतीत निघायची त्यांच्या ढगळ वर्द्या अंगाबरहुकूम करून द्यायला दादांकडंच यायच्या. दादा गुडघ्यावर बसून त्यांच्या पँटीला टाचण्या लावायचे आणि आबा खुर्चीत बसून त्या पोरांची छाती थोपटायचे.

आता माझ्यावर ही आफत का आली ते सांगते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. पंधरा ऑगस्टला आबा शाळेत पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी बघितलं की वर्गाच्या रांगेत सगळ्यांत पुढं, म्हणजे सगळ्यांत बुटकी, मी उभी आहे. त्याच आठवड्यात त्यांना साताऱ्यात एक बाई फौजदार दिसल्या. झालं. नातीला फौजदार करायचं आणि उंचीत कुठं कमी पडू द्यायचं नाही, हे त्यांनी एसटीतच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे शिट्टी, पाण्याच्या पाटापर्यंत धावणं, परतून पाइपाला लटकणं, मग कच्चं अंडं घातलेलं दूध. रात्री रेडिओवरच्या बातम्या संपल्या की पाढे, पाढे संपले की आबांच्या लढाईच्या गोष्टी. त्या ऐकताना डोळा लागला तर आबा म्हणायचे, "शत्रू असाच गाठतो."

मग मी दिवसा झोपायला लागले. पहिल्या तासाला झोपायचे, खेळाच्या तासाला झोपायचे. एकदा राष्ट्रगीताला उभ्या उभ्या झोपले आणि 'जय हे' झाल्यावर सगळे सुटले तरी मी सावधानमध्येच. गुरुजी आबांना भेटायला आले, तर आबांनी त्यांनाच पहाटे उठायचे फायदे सांगून वाटेला लावलं.

तर आम्ही साताऱ्याला गेलो. आबा, दादा, आई आणि हनुवटीला हळद लावलेली मी. आबा खुशीत होते. उंची वाढवायचं एक टॉनिक निघालंय असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी काळा कोट चढवला आणि त्यावर फितीसुद्धा लावल्या.

डॉक्टर पेंढारकर बाई लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. डोक्यावर चांदी आणि बोलणं चटपटीत. त्यांनी हनुवटी धुतली, टाका नको म्हणाल्या, पट्टी लावली. मग वजन घेतलं, उंची घेतली, एका तक्त्याशी ताडून बघितली, आणि तपासायच्या टेबलावर मला आडवं केलं.

आडवं केलं, आणि मी झोपले.

जाग आली तेव्हा डॉक्टरबाई बोलत होत्या. मी डोळे उघडले नाहीत. कुणी उठवत नव्हतं, तर आपण होऊन उठायचं कशाला?

"जेवण बरं आहे. दूध, अंडी मिळतात. जंतांचं औषध देऊन ठेवते. झोप किती होते?"

"झोपंचं इचारू नगा," आबा अभिमानानं म्हणाले, "ती आमी आधीपासनं कमीच ठेवलीया."

जणू आमटीतलं तिखट. बाईंनी पेन खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"म्हणजे कशी?"

मग आबांनी सगळा कार्यक्रम सांगितला. शिट्टी, पाट, पाइप, पाढे, लढाया. बाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, तुम्हाला हिची उंची वाढवायचीय ना? मग एक सांगते. मूल धावताना वाढत नाही आणि लटकताना तर मुळीच नाही. मूल वाढतं ते झोपेत."

"झोपंत?"

"मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वाढीचा रस ती रक्तात सोडते. दिवसाही थोडाफार सोडते, पण मोठा वाटा सुटतो तो मूल गाढ झोपलं की. हाडं वाढायची, स्नायू भरायचे, दिवसभराची झीज निघायची, ही कामं तेव्हा जोरात चालतात."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजी तिची ड्यूटी रातची असती म्हणा."

"अगदी बरोबर. आणि तुम्ही रोज मधेच शिट्टी वाजवून तिला ड्यूटीवरून उठवता."

आई खुदकन हसली आणि लगेच खोकली.

"आता सगळी उंची काही झोपेतच असते असं नाही," बाई पुढं म्हणाल्या. "आईवडिलांकडून येते ती मोठी गोष्ट. खाण्यापिण्याचं आहे. पण ह्या वयाच्या मुलीला नऊ-दहा तास झोप हवीच. ती न देता बाकी काहीही केलंत तरी उपयोग नाही. तुमच्या पाइपानं फक्त हनुवटी फुटते."

आबांना राग आला नाही, पण हार मानायचीही सवय नव्हती. त्यांचा आवाज वर चढला. "बाई, तुमी शिकलेल्या. पर मी सांगतो, झोपंनं माणूस ढिला पडतो. ह्यो माझा लेक. चालाय लागला तवापासनं ह्येला पहाटंचा उठवला. मी रजेवर असलो की म्या, नसलो तर ह्येच्या आईनं, माझ्या हुकमानं. आजारात बी पडू दिला न्हाई. असा वाढवलाय!"

तेव्हा मात्र मी एक डोळा किलकिला केला. डॉक्टरबाई आबांकडं बघत नव्हत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादांकडं बघत होत्या. खालून वर. त्यात फार वेळ गेला नाही, कारण दादा तेवढेच होते.

दादांनी नेहमीसारखी वेळ मारून नेली. "म्हणून तर बाई," ते म्हणाले, "दारातनं जाताना मला कवा वाकावं लागलं न्हाई."

बाई हसल्या, आई हसली, दादा स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसले. आबा हसले नाहीत. ते दादांकडं बघत राहिले. मी आबांचा चेहरा रागात बघितला होता, गर्वात बघितला होता. हा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

"बाई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "ह्यो हुकूमच समजायचा?"

"हुकूमच समजा."

आबा उठले, टाचा जुळवल्या आणि डॉक्टरबाईंना कडक सलाम ठोकला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. दादा त्यांच्या शेजारी. गाव येईपर्यंत आबा बाहेरच बघत होते.

त्यानंतर आमच्या गल्लीचे हाल सुरू झाले. सुभेदारांना हुकूम मिळाला होता आणि हुकमाची अंमलबजावणी अर्धवट करणं त्यांना ठाऊक नव्हतं. दिवेलागण झाली की माझं जेवण. जेवण झालं की अंथरूण. रेडिओ बंद, पाढे बंद, लढाया बंद. आबा पायात मोजे घालून घरात फिरायचे. नळाखाली घंगाळात फडकं टाकलं, थेंबाचा आवाज नको म्हणून. आईला सकाळी पाटा-वरवंट्याची बंदी. दादांचं मशीनही संध्याकाळी बंद.

"आबा," दादा म्हणाले, "पोरगी वाढंल ओ, पर तिला शिवायला कापूड कुठलं? धंदाच बसवला तुमी."

"हळू बोल," आबा म्हणाले.

शेजारच्या भागाक्कांचा कोंबडा हा आबांचा मुख्य शत्रू ठरला. आबा स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भागाक्का, तुमचा कोंबडा पहाटंचा वरडतो."

"मग काय दुपारी वरडू दे व्हय सुभेदार?"

"चालंल."

भागाक्का आबांना वचकून असायच्या. त्यांनी कोंबडा रात्री टोपल्याखाली झाकायला सुरुवात केली. टोपल्यावर पोतं, पोत्यावर दगड. त्याला उजेड कधी झाला ते कळेना. तो भलत्याच वेळी, गाव जेवायला बसलं की बांग द्यायला लागला. लोक म्हणायचे, सुभेदारांनी कोंबड्याची शिफ्ट बदलली.

मला मात्र पहिले काही दिवस झोपच येईना. दाराशी एक सुभेदार बसून आपल्या वाढीवर पहारा देतोय म्हटल्यावर कुणाला येईल? आणि सकाळी डोळा उघडायचा अवकाश, की आबा दादांची टेप घेऊन हजर. मला चौकटीला उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी ठेवायचे.

"कालच्याएवढीच हाय," ते निराश व्हायचे.

"आबा, ती काय दुधी भोपळा न्हाई, रातीत वाढाय," दादा म्हणायचे. "जरा दमानं घ्या."

पण हळूहळू जमलं. मी उन्हं अंगणात आल्यावर उठायला लागले. जेवताना घास तोंडात नेईपर्यंत जागी राहू लागले. गणिताच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर काय लिहिलंय ते दिसू लागलं, त्यामुळं गणित मला येत नाही हेही कळलं. आईशी भांडायला अंगात जोर आला. आई म्हणाली, पोरगी माणसात आली.

उंचीचं विचाराल तर वाढले. एकदम नाही. पुढं आठवी-नववीत वाढले आणि दहावीत दादांच्या वर गेले. फौजदार झाले नाही. शिक्षिका झाले. पहिल्या तासाला एखादं पोर डुलकी घेताना दिसलं, तर आधी त्याच्या घरी कोण सुभेदार आहे ते मी शोधते.

पण सांगायचं आहे ते माझ्या उंचीचं नाही.

त्या दिवसांत आबांमध्ये आणखी एक फरक पडला होता, तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. घरी पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि आबा दादांची ओळख नुसती 'ह्यो माझा मुलगा' एवढीच करून द्यायचे. पुढचं वाक्य यायचंच नाही. पाहुणे जुने असले तर ते वाट बघायचे. एकदा एक जण स्वतःच म्हणाले, "बोटभर कमी पडलेले ते हेच ना?" आबांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चहा बशीत न ओतता तसाच गरम पिऊन टाकला.

एके दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आबांनी एकाएकी विचारलं, "जयसिंगा, तुला शाळंत झोप यायची का रं?"

दादा हसले. "यायची म्हंजी? गुरुजी म्हणायचे, ह्यो फडतऱ्याचा पोरगा डोळं उघडं ठेवून घोरतो. एकदा तर गणपतीच्या आरतीत झोपलो, टाळ वाजवत. हात चालू, मी बंद."

आई हसता हसता ठसकली. मीही हसले. दादा गोष्ट रंगवत गेले. पाटावर म्हशी धुवायला गेले आणि म्हशीच्या पाठीवर झोपले, ती घेऊन गेली दुसऱ्याच्या गोठ्यात. "त्या घरचा म्हातारा म्हणला, म्हस ठिवून घेतो, पोरगं घिऊन जा."

आबांनी ताटातली भाकरी पुढं सरकवली, ताटात हात धुतले आणि उठून परसात गेले. दादा म्हणाले, "आता मी काय बोललो?" आईनं मान हलवली. तिला काहीतरी कळलं होतं.

थंडी पडली होती. दुसऱ्या दिवशी आई आणि मी सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत होतो. आबा येऊन आमच्यापाशी बसले आणि शेंगा सोलायला लागले. हे काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. ते दाणे टरफलांत टाकत होते आणि टरफलं दाण्यांत.

आई खाली बघूनच म्हणाली, "मामंजी, एक बोलू का?"

"बोल की."

"सासूबाई तरी कुठं उंच हुत्या? म्या त्यांचं लुगडं नेसलं की घोट्याच्या वर यायचं. डॉक्टरबाई म्हणल्या न्हाई का, आईबापाकडनं येतंय म्हणून. ह्यांची उंची तिकडनंच आलीया. तुमी उगं मनाला लावून घेऊ नगा."

मला काही कळेना. मी टरफलांतले दाणे वेचत होते. आबा बराच वेळ एक शेंग हातात धरून बसले.

"ती ठेंगणीच हुती," ते म्हणाले. "त्येच्या नशिबी असंल तेवढीच उंची. त्येचं काय न्हाई." मग शेंग फोडली. "पर सिंधू, पोरगं झोपलं असतं की गं."

आईचे हात थांबले. आबांनी दाणे बरोबर दाण्यांत टाकले आणि पुढची शेंग उचलली.

नंतरचा रविवार. मला जाग आली ती कुजबुजीनं. सोप्यात अजून अंधूक होतं. घरात शिट्टी वाजायची कधीच बंद झाली होती, पण दादांचं अंग शिट्टीवाचून उठायचं. ते नेहमीसारखे उठून मशीनपाशी येऊन बसले होते. दुकान उघडायला अवकाश होता, हाताला काम नव्हतं, दिवा लावलेला नव्हता. नुसते बसले होते. आबा त्यांच्यापुढं मोज्यांत उभे.

"का उठलास?"

"उठलो. सवय हाय."

"काम हाय काय?"

"न्हाई."

"मग जा, पड."

दादांना वाटलं आबांना बरं नाही. "आबा, छातीत दुखतंय का? बाम चोळू का, न्हाईतर तेल?"

"मला काय धाड भरलीया? जा म्हणतो न्हवं. आत जाऊन झोप."

"आता? आबा, आता झोप यायची न्हाई."

"येती. डोळं मीट, म्हंजी येती. हुकूम हाय."

दादा माझ्याकडं बघून डोळे मिचकावत आत गेले. म्हाताऱ्याचं काहीतरी नवं खूळ, असा त्यांचा चेहरा होता. पाच मिनिटं पडून परत येतो, असं त्यांनी मला खुणेनं सांगितलं. आबांनी आपली स्वतःची घोंगडी नेऊन त्यांच्यावर घातली, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

दादा परत आले नाहीत.

उजाडलं. आई उठली, तिनं आत डोकावून बघितलं आणि बांगड्या वर कोपरापर्यंत सारल्या. उन्हं अंगणात आली. भागाक्का विरजण मागायला आल्या, आबांनी हातानंच त्यांना थोपवलं. त्यांनी भांडं पुढं केलं, आईनं विरजण घातलं, सगळं मुक्यानं झालं.

मग खालच्या आळीचे निवृत्ती काका घाईघाईनं आले. त्यांचा मुलगा नुकताच भरती झाला होता आणि सुट्टी संपवून त्याच दिवशी निघायचा होता. काकांच्या हातात वर्दी होती.

"सुभेदार, जयसिंग कुठाय? पँट कमरंत सैल पडती. दोन टाके मारून पायजेत, दुपारची गाडी हाय."

असल्या कामासाठी आबा एरवी स्वतः मशीन पुसून द्यायचे. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत.

"जरा बसा. त्यो झोपलाय."

निवृत्ती काकांनी आधी सूर्याकडं बघितलं, मग आबांकडं. "झोपलाय? सुभेदार, तुमच्या घरात? आवो, हाक मारा की. वर्दी हाय फौजंची."

"म्हाईत हाय मला कशाची हाय ती," आबा हळू आवाजात म्हणाले. "फौज थांबंल."

काका उभेच राहिले. मग त्यांनी वर्दीची घडी मांडीवर घेतली आणि आबांच्या शेजारी पायरीवर बसले. दोघं बसून राहिले. काकांनी एकदा खाकरायला सुरुवात केली, आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, काकांनी खाकरणं गिळलं.

दादा बाहेर आले तेव्हा ऊन पायरीवरून वर सोप्यात आलं होतं. केस उभे, गालावर घोंगडीच्या दशा उमटलेल्या. ते एकदम लहान दिसत होते. लहान म्हणजे बुटके नव्हे, माझ्या वयाचे. सगळीकडं लख्ख उजेड बघून ते घाबरलेच.

"एवढा येळ? आबा, मला उठवायचं न्हाई? काका कवाधरनं बसल्यात?"

"बसू दे त्येला," आबा म्हणाले. "झाली झोप?"

"झाली की." दादांनी डोळे चोळले. त्यांना काय बोलावं सुचेना, मग ते नेहमीसारखे हसले. "पर आबा, आता ह्या वयात काय वाढायचो न्हाई मी."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

त्यांनी वर बघितलं नाही. पायरीवर बसल्यामुळं त्यांचं डोकं दादांच्या कमरेशी आलं होतं. बसल्या जागेवरून त्यांनी हात लांब करून दादांच्या सदऱ्याचं वरखाली लागलेलं बटण काढलं आणि नीट लावलं.

"उद्या बी झोप," ते म्हणाले.

दादांचं हसू तसंच राहिलं. तोंड धुवायला म्हणून ते परसात गेले. बराच वेळ तिकडून पाण्याचा आवाज येत राहिला. आईनं चहा दोनदा गरम केला.